अडखुलणे

कोशकारांची बायको गेल्याचं रोपवाटिकेच्या माळ्याला महिन्याने कळलं. कळलं तसा तो मातीच्या हातांनीच आला. कोशकार वनस्पतिकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तपासत बसले होते.

"साहेब, मनात ठेववत नाही. तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. वहिनींनी पढवला."

कोणता, हे विचारावं लागलं नाही. माळ्याच्या साक्षीवर कोशात एकच शब्द होता. अडखुलणे : कळीने टोकाशी उघडून तिथेच थांबणे. व्युत्पत्ती : बोलीतून.

बायको हा शब्द लग्नापासून वापरायची. खिडकीतल्या कुंडीकडे बघून म्हणायची, "आजही अडखुललीच बाई." कुठला शब्द, विचारलं तर "माहेरचा." पण कोशाचा नियम होता. शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडून, न विचारता ऐकू यायला हवा.

"माझा स्वयंपाक चालतो, साक्ष तेवढी चालत नाही," ती म्हणायची.

अकरा वर्षं त्या शब्दाचं कार्ड खणात पडून होतं. मग एकदा माळी गुलाबाची कुंडी फिरवताना सहज बोलून गेला, "हा अडखुललाय बघा." कोशकार जवळजवळ पळतच घरी आले होते. ती फक्त "हो का?" म्हणाली होती.

तीस वर्षं त्यांनी कोशात एक खोटा शब्द शिरू दिला नव्हता. शेवटी कुंपणानेच शेत खाल्लं. त्यांनी लाल पेन उचललं.

"माहेरचा तरी होता का?"

"नाही. मीपण विचारलं होतं." माळी जमिनीकडे बघत राहिला. "म्हणाल्या, लग्न नवं होतं तेव्हा आमचे हे रोज माझ्याशी काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, आणि गप्प व्हायचे. त्याला काय म्हणावं, म्हणून हा शब्द मीच केला. कळ्यांना नंतर लावला."

कोशकारांनी तोंड उघडलं. माळी बराच वेळ थांबला. मग स्वतःच माठातलं पाणी घेऊन प्यायला आणि गेला.

कोशकारांनी ‘बोलीतून’ एवढंच खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही.