उचललेला कोपरा

कामाच्या टेबलाची फळी भक्कम व्हावी म्हणून हेमांगीने हॉलमध्ये फरशीवरच प्लायवूडचे दोन तुकडे फेविकॉलने एकमेकांवर चिकटवले. वजनाला पाटा-वरवंटा, गव्हाचा डबा, हाताला लागेल ते ठेवलं. तरी एक कोपरा उचलून येतच होता.

बँकेतली नोकरी सोडून घरीच चित्रांची कामं घेणार, असं तिने सांगितल्यापासून तिच्या वडिलांनी, आप्पांनी, अबोला धरला होता. दोन महिने झाले. आत्ताही ते पेपराआडून नुसते बघत होते.

कोपरा दाबून दाबून तिचे हात भरून आले, तसे आप्पा उठले आणि त्याच कोपऱ्यावर ऐसपैस मांडी घालून बसले.

“किती वेळ?”

“बाटलीवर चोवीस तास लिहिलंय,” ती चाचरत म्हणाली.

आप्पांनी पेपर पुन्हा उघडला. “मग माझं ताट इथेच आण.”