हिरव्या बांगड्या

पहूरची शीतल व्हिएतनाममधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला उभी राहिली आणि पहिल्या दिवसाची हजेरी निम्मी व्हायच्या आतच मागच्या बाकावरच्या दोन दांडग्या पोरांची जुंपली. एकानं दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं, तर दुसऱ्यानं त्याच्या दंडाचा लचकाच तोडला. शीतल सोडवायला मध्ये पडली. तेवढ्यात एक लोखंडी स्टूल भिरभिरत आलं आणि तिनं झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. कपाळ फुटलं. रक्ताची धार नाकावरून साडीवर उतरली.

जखमेवर कापूस दाबत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अगं, स्टूल येताना दिसत होतं ना? मग हात आडवे का नाही घातलेस?"

"बांगड्या फुटल्या असत्या, मॅडम. आमच्याकडे त्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतात. त्यात आज माझा सोमवार." शीतलनं हिरव्या बांगड्या एकेक करून चाचपल्या. एकही तडकली नव्हती. तिनं मनोमन महादेवाला हात जोडले.

मुख्याध्यापिकांचे डोळे भरून आले. "एवढा जीव आहे तुझा त्याच्यावर! मग इथं मरायला कशाला थांबतेस, पोरी? उद्याचंच तिकीट काढते. जा त्याच्याकडे."

इतका वेळ दगडासारखी बसलेली शीतल ताडकन उठली. तिनं बाईंचे पायच धरले.

"नका पाठवू, मॅडम. इथं निदान चारला शाळा सुटली की मार थांबतो."