करार शुक्रवारी संपतो

अर्पिता पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली, तेव्हाच मृण्मयी सावध झाली.

बाळंतपणासाठी मृण्मयीनं पाणी तपासणी केंद्रातली आपली नोकरी अर्पिताला भाड्यानं दिली होती. हल्ली सगळेच देत. नोकरी म्हणजे फ्लॅटसारखी मालमत्ता. पण कुणी सलग बारा महिने तुमच्या खुर्चीवर बसलं, की ती कायद्यानं त्याच्याच नावावर होई. म्हणून करार अकरा महिन्यांचे असत. हिचा शुक्रवारी संपत होता.

"ताई, कुहू उभी राहायला लागली की," बाळाला मांडीवर घेत अर्पिता म्हणाली. "तिचं पहिलं पाऊल बघायचं राहून जाईल हो तुमचं. काढा ना अजून एक महिना घरी."

"किती गुणाची पोर," सासूबाई अर्पिताकडे बघत म्हणाल्या.

एवढा गोडवा उगाच नसतो, असं मृण्मयीच्या मनात आलं. तिनं नोकरी परत केल्याचा कागद पुढे सरकवला. "इथे सही कर."

अर्पितानं हसत सही केली. मृण्मयीला ते हसूही पटलं नाही.

"मग सोमवारपासून कुहूला कोण सांभाळणार?" अर्पितानं विचारलं. "मी आता रिकामीच आहे. येत जाईन रोज."

"आधी करार करू," मृण्मयी पटकन बोलून गेली.

"अगं, लेकराचा कसला करार?" सासूबाई हसल्या.

मृण्मयीनं कुहूला उचलून घेतलं. कुहूच्या मुठीत अर्पिताची ओढणी होती, आणि ती इवली बोटं काही केल्या उघडत नव्हती.