गोल टेबलाची कड

टेबल तिसऱ्यांदा आलं तेव्हा सुताराने डोळे मिटून कडेवरून तळहात फिरवला. अख्खी फेरी मारली. हात कुठे अडकला नाही.

"टोचतंय," बाई म्हणाल्या.

"कुठे टोचतंय?"

"ते सांगता आलं असतं तर मीच नसतं का घासलं?"

बाई बोलायला गोड होत्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती. टेबल त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं, आठ माणसांचं. पहिल्यांदा आणलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "घरात आठ जण आहोत, एकालाही कुसळ रुतायला नको." सुताराने बोटभर लाकूड तासून कडेला गोलाई दिली होती. दुसऱ्या खेपेला त्याने सहज विचारलं, "मंडळी मजेत?"

"सहाही मजेत," बाई म्हणाल्या होत्या.

दोघं परगावी गेली असतील, असं धरून त्याने आणखी बोटभर तासलं होतं.

"आता किती जण बसता?" या खेपेला त्याने जपून विचारलं.

"चौघं. कोपराला कोपर लागत नाही, अगदी ऐसपैस."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठले?" बाईंनी इतक्या निर्मळपणे विचारलं, की सुतारालाच ओशाळल्यासारखं झालं.

घरी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, माणसं कमी झाली की टेबल मोठं वाटतं, म्हणून आणत असतील," ती म्हणाली. "तुम्ही उलटं धरून बसलात."

"टेबल आधी लहान होतं गं. माणसं मागून कमी होतात."

"म्हणजे यमाने तुम्हाला कामावर ठेवलंय म्हणा की!"

मुलीला ठसका लागला. बायकोने तिच्या पाठीवर थोपटलं आणि हसू दाबत म्हणाली, "एवढं मनाला लागलं असेल तर आणा त्यांना परत. तासता येतं, तसं जोडताही येत असेल ना?"

तिने चेष्टा केली होती. सुताराला मात्र ती मोजमापासारखी पटली. चार माणसं आपल्या हातून गेली, निदान दोन तरी परत आणू. देवाने माणूस मातीचा केला म्हणतात. याच्याकडे तर चांगलं लाकूड होतं.

त्याने पातळ पट्ट्या काढल्या, गरम पाण्यात भिजवल्या, टेबलाभोवती वाकवून सरसाने चिकटवल्या आणि दोरीने करकचून आवळल्या. बरोबर दोन माणसांचे कोपर मावतील एवढी कड वाढली. सरस वाळल्यावर तो काचपेपर घेऊन बसला. सांधा नखाला लागेनासा झाला तेव्हाच थांबला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने टेबल हातगाडीवर घालून बाईंच्या घरी नेलं. बाईंनी कडेवरून हात फिरवला. त्या जरा थांबल्या, पुन्हा फिरवला.

"मोठं केलंत?"

"केलं," सुतार म्हणाला. "सहा जण बसतील. यापुढे तासणार नाही. किती टोचलं तरी."

तो आरडाओरडीच्या तयारीने आला होता. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "आता नाही टोचत हो," त्या म्हणाल्या.

टेबल मधल्या खोलीत लागलं. घरातले तिघे खुर्च्या ओढून बसले, बाई चौथ्या. त्यांनी आणखी दोन खुर्च्या सरकवल्या आणि आत हाक मारली, "या गं, जागा झाली!"

आतून पावलं ऐकू आली. सुताराचा ऊर भरून आला. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हे एक तरी कुणाच्या उपयोगी पडलं होतं.

पडदा बाजूला झाला. पुढे त्याची बायको होती, मागे मुलगी. दोघी आपापल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, जणू रोजच तिथे बसत होत्या. मुलीने टेबलावर कोपर टेकले. बायकोने दाराशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं आणि बाईंना हळूच विचारलं, "ताई, या सुतारदादांना पाणी दिलंत का?"