समुद्रातलं सुतक

म्हाताऱ्या लालसूनं भर दुपारी घरातलं एकुलतं एक मडकं अंगणात आणून फोडलं, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या अंगानंच दारात बसून राहिला. ते पाहून शेजारची इतवारी हातातलं काम टाकून उठली. असं मडकं घरचं कोणी मेल्यावरच फुटतं, आणि लालसूचं म्हणावं असं जगात एकच माणूस होतं, रत्नागिरीला मच्छीच्या बोटीवर गेलेला त्याचा पोरगा.

ती धावतच आली. "भाऊ, पवन बरा हाय ना?"

"बरा हाय. त्याचाच फोन आलता. जाळ्यात कासव मेलं म्हणे."

इतवारीचा जीव भांड्यात पडला. कासव म्हणजे लालसूच्या कुळाचं देवक. ते मेलं की घरच्यासारखं सुतक धरायचं, हे तिलाही ठाऊक होतं. पण ती इथल्या नदीतली कासवं.

"समुद्रातल्या कासवाचं कायचं सुतक, भाऊ? तुमी समुद्र पाह्यला तरी हाय का?"

"नाई पाह्यला. बोटीवरच्यायनं त्याले कचऱ्यासारखं फेकून देल्लं. पोराले तिथी फोडाले मडकं नाई, आंघोळीले गोडं पाणी नाई. म्हणून त्याच्या वाट्याचं मीच केलं."

लालसू खापऱ्यांकडे पाहत राहिला.

"पोरगा दर फोनले म्हणे, बा, एवढ्या मोठ्या पाण्यात आपलं कोणीच नाई. होतं, बाई. त्याच्याच जाळ्यात मेलं."