सुटलेलं पाणी

भजन शोधता शोधता दुधरामला मोबाइलवर ती गोष्ट सापडली, आणि त्याच्या सुखात भरच पडली. दूरच्या कुठल्याशा कोरड्या ग्रहावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहत असतात. रोज एक नवा भाग. तलावाच्या काठावर बसावं, कानात इअरफोन घालावे आणि ऐकत राहावं. माणसाला आणखी काय पाहिजे?

त्या दुपारी त्याच्या धानाला पाणी द्यायची पाळी होती. गोष्ट चालू ठेवूनच त्याने तलावाचं दार उचललं आणि रिवाजाप्रमाणे खाली धानाच्या बांधीकडे हाक दिली, "सुटलं वो!"

"पोचलं जी, पोचलं!"

खालच्या बांधीत उभी असलेली त्याची बायको, मंजू, नेहमी असंच उत्तर द्यायची. दुधराम निवांत टेकला. गोष्टीतही पाणी खळाळू लागलं, पोरं त्यात नाचू लागली. झालं बापा बिचाऱ्यांचं भलं, म्हणून तो हसला.

तेवढ्यात मंजूच धापा टाकत वर आली. "काऊन जी, झोपून राहिले का? कवाची वाट पाहून राहिली मी. बांधीत थेंब नाही!"

"अवं, तूच तं बोलली, पोचलं म्हणून."

"मी कायले बोलू?"

दुधरामने वाकून पाहिलं. दारातून पाणी धो धो जात होतं. पलीकडचा पाट मात्र कोरडाठाक, त्यातून मुंग्या चालल्या होत्या.

बंद करायला त्याने दाराला हात लावला, आणि कानातली पोरं एकदम गप्प झाली.