सपाट चमचा

तिसऱ्या ओळीपाशी श्रीपादरावांचा हात थांबला. या सहा बाटल्यांत साखर घातली, की घालायची राहिली?

मघाशी ऊर्मीने दारातून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं होतं. नातीकडे बघून नुसती मान डोलावण्यात मोजणी चुकली होती. त्यांनी बाटलीत डोकावून पाहिलं. तपकिरी काचेतून काही कळेना. मुलाने घरी केलेली पहिली बिअर आपल्यामुळे बेचव व्हायला नको, म्हणून त्यांनी सहाही बाटल्यांत एकेक चमचा घातला.

"झालं, बाबा?"

"झालं."

उत्कर्षने नळीने बिअर भरली, एकेका बाटलीच्या झाकणाची क्लिप टक् करून लावली. चोवीस बाटल्या पुसून, हाताला येतील तशा क्रेटमध्ये गेल्या.

"आता ही साखर खाऊन यीस्ट आतल्या आत गॅस करणार," तो खुशीत म्हणाला. "पण सपाट एकच चमचा. दुप्पट झाली की बाटली फुटते. ऑफिसातल्या एकाच्या तळघरात काचा पार छतात रुतल्या होत्या."

श्रीपादरावांनी चमचा खाली ठेवला. "उत्कर्ष, अरे, मला वाटतं... एखाद्या बाटलीत चुकून..."

"तुमच्याकडून?" उत्कर्ष हसला. "चाळीस वर्षं ग्रंथालयातली कार्डं लावलीत तुम्ही! तुमची सून म्हणत होती, साखर मी घालते. म्हटलं, छे, हे काम बाबांचं."

दोन महिन्यांत या घरात त्यांच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच काम. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

"क्रेट तुमच्याच खोलीत ठेवतो, बाबा. तिथे हीटर कायम चालू असतो. दोन आठवडे छान ऊब मिळेल."

दुपारभर ते पलंगावर बसून बाटल्यांकडे बघत राहिले. सगळ्या सारख्याच. एक उघडायला त्यांनी क्लिपवर अंगठा ठेवला. पण हीच कशावरून? की साखर दुसऱ्यांदा घातलीच नव्हती? त्यांनी अंगठा काढून घेतला.

चारला बाहेर ओळखीची पावलं वाजली. ऊर्मी रोज या वेळी चित्रांचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे यायची. श्रीपादराव धडपडत उठले. पलंगावरची दुलई ओढून क्रेटवर टाकली आणि दाराची किल्ली आतून फिरवली.

दाराची मूठ दोनदा हलली. "आजोबा?"

"आज नको गं, बाळा."

मग बारीक आवाजात, "मॉर्गेन?"

उद्या. तेवढा शब्द त्यांना कळायचा.

दाराखालच्या फटीतून पुस्तकाचा कोपरा आत आला आणि अडकला. पलीकडून ऊर्मी ते ढकलत राहिली. दुलईकडे पाठ करून श्रीपादराव नुसते बघत उभे होते.